यादीतली पत्नी: लक्ष्मीबाई टिळक आणि शिष्यत्वाची किंमत

शास्त्रभाग: लूक 18:28-30
सोबत वाचा: लूक 14:25-33, 1 करिंथ 9:5



आजचा शास्त्रभाग फक्त तीन वचनांचा आहे. श्रीमंत अधिकारी खिन्न झालेला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ पेत्र पुढे येऊन प्रभूला आठवण करून देतो की, आम्ही तर आमचं सगळं सोडून तुझ्यामागे आलो. प्रभू त्याला रागावत नाही. देवाच्या राज्यासाठी ज्याने सोडलं, त्याला याच काळात कितीतरी पटींनी मिळेल आणि येणाऱ्या युगात सार्वकालिक जीवन मिळेल, असं अभिवचन तो देतो. काय काय सोडलं, याची एक छोटी यादीही तो देतो. घर, भाऊ, आईवडील, मुलं. आणि लूकाच्या शुभवर्तमानात त्या यादीत आणखी एक शब्द आहे: पत्नी.

या शब्दाशी मी नेहमी अडखळतो. घर सोडलं तर घराला काही वाटत नाही. शेत सोडलं तर शेत रडत नाही. पण पत्नी माणूस आहे. नवऱ्याने प्रभूसाठी सगळं सोडलं, तेव्हा त्या सगळ्यामध्ये तीही आली. तिला कोणी विचारलं होतं का? बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं प्रभू लूक 14 मध्ये सांगतो. हिशेब नवऱ्याने केला, पण पैसे मात्र तिच्याही पदरातून गेले. मंडळीत जेव्हा कोणी आपली साक्ष सांगायला उभा राहतो आणि प्रभूसाठी काय काय गमावलं ते सांगतो, तेव्हा माझं लक्ष कधी कधी त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे जातं. तिची साक्ष काय असेल?

आज अशाच एका पत्नीची गोष्ट मनात घोळते आहे. नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे: लक्ष्मीबाई टिळक. त्यांना आपण रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पत्नी म्हणून किंवा 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका म्हणून ओळखतो. पण आज त्यांच्याकडे त्या यादीतली एक व्यक्ती म्हणून पाहू या.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या घरावर एका जुन्या दुःखाची सावली होती. त्यांच्या आईच्या वडिलांना 1857 च्या बंडानंतर फाशी झाली होती. त्या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की सोवळंओवळं हाच त्यांच्या आयुष्याचा एकमेव विषय होऊन बसला. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धुता येण्यासारखी नसली तरी धुवायचीच. सगळं घर त्या एका माणसाच्या भीतीभोवती फिरत असे. लहान मनूने धर्म पाहिला तो असा: सतत धुणं, सतत शिवाशिव सांभाळणं, आणि तरीही शुद्ध झाल्याची खात्री कधीच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचं लग्न झालं. नवरा सतरा-अठरा वर्षांचा, संस्कृत शिकलेला, कवी मनाचा आणि एका जागी न टिकणारा. टिळकांची बुद्धी मोठी, मनही मोठं. पण हातात आलेला पैसा हातात राहायचा नाही. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, गावं बदलली. लक्ष्मीबाई मागोमाग कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीकडे. मुलं झाली आणि गेलीही. 1891 साली दत्तू झाला आणि तो जगला. शाळेचं तोंड लक्ष्मीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. जे काही लिहायला-वाचायला आलं ते नवऱ्याने शिकवलं म्हणून. दोघेही तापट, भांडणं जोरात होत, आणि प्रेमही तितकंच. एकमेकांशिवाय त्यांना करमत नसे.

मग 1893 साल आलं. टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक प्रवासी होता. बोलता बोलता गोष्टी कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्या माणसाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना ते तेव्हा विचित्र वाटलं. पण वाचीन म्हणून शब्द दिला होता, म्हणून पुस्तक उघडलं. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच अडकले. देशाच्या आणि समाजाच्या भल्यासाठी ते जो धर्म शोधत होते, तो त्यांना तिथे सापडू लागला.

त्यांनी घाई केली नाही. हिशेब केला. जात जाणार, नातेवाईक जाणार, मान जाणार, पोटाची सोय जाणार. सगळ्यात जड हिशेब पत्नीचा होता. ती आपल्याबरोबर येणार नाही, हे त्यांना कळत होतं. तरी 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. प्रवचनांत ती इथेच थांबते. मला इथून पुढे जायचं आहे.

बातमी लक्ष्मीबाईंपर्यंत पोहोचली तेव्हा त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. पदरात जेमतेम चार वर्षांचा मुलगा. स्वतःची कमाई नाही, स्वतःचं घर नाही. त्या काळच्या ब्राह्मण समाजात अशा बाईला कोणतं नाव होतं? विधवा म्हणावं तर नवरा जिवंत. सवाशीण म्हणावं तर नवरा पंक्तीतून उठलेला. त्या दुःखाने वेड्यापिशा झाल्या. ज्या माणसाने अक्षरओळख करून दिली, ज्याच्यावर जीव होता, तोच माणूस एका दिवसात परका झाला. आणि तो वाईट मार्गाला लागला म्हणून नव्हे. त्याला देव भेटला म्हणून! हे सांगायचं तरी कुणाला?

पुढची जवळजवळ पाच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यातले बरेच दिवस पंढरपुरात आप्तांच्या आधाराने गेले. पत्रं येत-जात. कधी आशा वाटे, कधी राग येई. त्या वर्षांत त्या कविता करू लागल्या. मोठी कवयित्री व्हायचं म्हणून नव्हे, जे कुणापाशी बोलता येत नव्हतं ते कुठेतरी ठेवायचं म्हणून.

प्रियांनो, ही पाच वर्षं घाईघाईने ओलांडू नका. आपल्याला लगेच शेवट गोड करायची सवय असते. पुढे सगळं चांगलं झालं ना, मग झालं! पण ती वर्षं परत आली नाहीत. दत्तूच्या बालपणातला बापाविना गेलेला तो काळ परत आला नाही. शिष्यत्वाला किंमत असते, हे आपण मान्य करतो. ती किंमत कधी कधी ज्याने निवड केलीच नाही त्यालाही भरावी लागते, हे मान्य करणं जास्त जड आहे. प्रभूने ते लपवलेलं नाही. यादीत 'पत्नी' हा शब्द त्याने स्वतः घातला आहे. म्हणजे ती त्याला दिसत होती.

मग लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या. पण ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अहमदनगरला टिळक मिशनच्या कामात होते, तिथे त्या आपला धर्म आणि आपलं सोवळं घेऊन आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळं, भांडी वेगळी. नवरा ख्रिस्ती उपदेशक आणि बायको त्याच्या हातचं पाणी न पिणारी! शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटत असेल याची कल्पना करा. टिळक मोठे वक्ते होते, शेकडो लोकांची मनं वळवत. पण स्वतःच्या घरातल्या त्या दुसऱ्या चुलीवर त्यांनी सक्तीचं पाणी ओतलं नाही. ते वाट पाहत राहिले. तापट माणसाला वाट पाहणं किती अवघड जातं, हे ज्यांच्या घरात तापट माणसं आहेत त्यांना विचारा.

बदल आला तो वादविवादाने नाही. राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतःशीच एक विचार सुरू झाला. ही जात कुणी केली? देवाने केली असती तर जशी पशूंची शरीरं वेगवेगळी केली तशी माणसांचीही केली असती. तसं तर कुठे दिसत नाही. मग ही भिंत माणसानेच बांधलेली. एकदा हे पटल्यावर त्या अर्ध्यावर थांबल्या नाहीत. कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं आणि खाल्लं. आठवतं ना ते माहेर, जिथे बाहेरची प्रत्येक वस्तू धुतली जायची? त्या घरच्या मुलीने हे केलं. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवलं जाई अशांचाही यात समावेश होता. त्यांच्या वडिलांना आयुष्यभर धुऊनही जी शुद्धता सापडली नाही, ती भीती टाकून दिल्यावर त्यांच्या मुलीला सापडली. मार्क 7 मध्ये बाहेरून आत जाणाऱ्या आणि आतून बाहेर येणाऱ्या गोष्टींविषयी प्रभू बोलतो, तो धडा या बाईने ताटावर बसून शिकला.

1900 साली राहुरीला लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. आता हिशेब त्यांचा स्वतःचा होता. आधी किंमत त्यांच्यावर येऊन पडली होती, आता त्यांनी ती आपल्या हाताने मोजून दिली. माझ्या मते त्यांचं शिष्यत्व इथे सुरू झालं. टिळकांच्या मागून त्या आल्या नाहीत, ख्रिस्ताच्या मागून आल्या. वाटेत टिळक भेटले, एवढंच.

आता प्रतिफळाचं पाहू. पुष्कळ पटींनी मिळेल असं प्रभू म्हणाला होता. काय मिळालं?

पैसा मिळाला नाही, हे आधीच सांगतो. टिळकांचा खिसा ख्रिस्ती झाल्यावरही गळकाच राहिला, उलट आता देण्याला धर्माचं बळ मिळालं. मिळाली ती माणसं. त्या वर्षांत मोठा दुष्काळ होता, आणि अनाथ मुलांना टिळकांच्या घराचं दार उघडं होतं. स्वयंपाक किती जणांचा करायचा हे लक्ष्मीबाईंना सकाळी माहीत नसायचं. पुढे नगरला प्लेग आला तेव्हा आजाऱ्यांच्या सेवेलाही त्या गेल्या. विद्यार्थी आले, कवी आले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, हा हळवा, रुसणारा मुलगा त्यांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया लावली. एक चूल वेगळी मांडणाऱ्या बाईच्या चुलीवर आता साऱ्या जातींची मुलं जेवत होती. मार्क 10 मध्ये प्रभू आया, मुलं, बहिणी, भाऊ शंभर पटींनी मिळतील म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ मला या स्वयंपाकघरात दिसतो. मार्क त्या यादीत छळाचाही उल्लेख करतो, तो गाळू नका. शंभर मुलं मिळणं म्हणजे शंभर ताटं, शंभर आजारपणं, शंभर काळज्या. देवाचं प्रतिफळ पुष्कळदा जास्तीच्या कामाच्या रूपाने घरात येतं!

आणि किंमत एकदा भरून संपली असंही झालं नाही. 1917 साली टिळकांना पुन्हा हाक ऐकू आली. मिशनचा पगार आणि आसरा सोडून ते साताऱ्याला गेले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एकत्र यावेत म्हणून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. उतारवयात पुन्हा अस्थिरता. लक्ष्मीबाईंची घडी पुन्हा विस्कटली. पण पहिल्या वेळी त्या मागे राहिल्या होत्या, या वेळी त्या बरोबर होत्या. माझ्या दृष्टीने 1895 आणि 1917 मधला हा फरक म्हणजेच या आयुष्यातला सगळ्यात मोठा चमत्कार.

9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक प्रभूकडे गेले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. पुढे त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, नंतर मुलाबरोबर कराचीला राहिल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र हाती घेतलं होतं, ते थोड्याच अध्यायांवर राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या त्यांच्या पत्नीने ते उचललं आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. नवऱ्याने ज्याच्यासाठी तिला मागे ठेवलं होतं, त्याच ख्रिस्ताचं चरित्र तिच्या हातून पुढे गेलं.

मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी त्या आठवणी सांगू लागल्या. त्या आठवणींचं 'स्मृतिचित्रे' झालं. 1934 पासून त्याचे भाग पुस्तकरूपाने आले. शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर आला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला त्यांनी देह ठेवला. ते पुस्तक मराठी घरांत आजही वाचलं जातं. चर्चची पायरी कधी न चढलेले लोक ते वाचून हसतात आणि डोळे पुसतात. हो, हसतात! इतकं सोसलेल्या बाईच्या लेखणीत कडवटपणा नाही. नवऱ्याच्या चुका ती लपवत नाही, स्वतःच्याही नाही, पण सगळ्यांकडे हसून पाहते. हे हसू मी सगळ्यात मोठं प्रतिफळ समजतो. जी माणसं क्षमा करून मोकळी झाली आहेत, त्यांनाच असं हसता येतं.

आता पुन्हा पेत्राकडे येऊ. सगळं सोडल्याचं सांगणारा पेत्र लग्न झालेला होता. लूक 4 मध्ये प्रभू त्याच्या सासूला तापातून बरं करतो, म्हणजे घरात पत्नीही असणार. जाळी टाकून तो निघाला तेव्हा त्या घरातल्या बाईने काय केलं असेल? शुभवर्तमानं त्याबद्दल काही बोलत नाहीत. पण पुष्कळ वर्षांनी करिंथकरांना लिहिताना पौल सहज सांगून जातो की केफा प्रवासात आपल्या पत्नीला बरोबर नेतो. केफा म्हणजे हाच पेत्र! जी सोडल्यांच्या यादीत होती, ती आता सेवेच्या वाटेवर शेजारी आहे. मधल्या काळात काय घडलं ते आपल्याला कळत नाही. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातून त्याचा थोडा अंदाज येतो.

दोन गोष्टी मनात ठेवून आजचं मनन संपवतो.

तुम्ही जर प्रभूसाठी काही सोडायला निघाला असाल, नोकरी, गाव, चालत आलेली प्रतिष्ठा, तर हिशेब करताना घरातल्यांचा भाग वेगळा लिहा. त्याला 'माझा त्याग' म्हणू नका. तो त्यांचा आहे. हाक आली तर थांबता येत नाही हे खरं. पण त्यांच्यावर सक्ती करू नका, आणि त्यांची वेगळी चूल सहन करा. टिळकांनी केली.

आणि तुम्ही जर त्या यादीतले असाल, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या विश्वासाची किंमत तुमच्यावर येऊन पडली असेल, तर तुमचं दुःख म्हणजे अविश्वास नव्हे. रडा, रागवा, प्रभूला विचारा. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं तेच केलं. पण एवढं जाणून घ्या की ज्याने दुसऱ्याला बोलावलं, तो तुम्हाला विसरलेला नाही. तुमच्या नावाची वेगळी हाक त्याच्याजवळ आहे. ती तुमच्या वेळेला, तुमच्या विचारांच्या वाटेने, कदाचित तुमच्याच स्वयंपाकघरात येईल.

प्रार्थना: हे प्रभू येशू, ज्यांनी तुझ्यासाठी सोडलं त्यांना तू पाहतोस, आणि जे मागे राहिले त्यांनाही पाहतोस. आमच्या आज्ञापालनाचा भार ज्या ज्या माणसांनी उचलला आहे, त्यांची नावं आज आम्ही तुझ्यापुढे घेतो. त्यांना सांत्वन दे, त्यांना स्वतः भेट. आम्हाला वाट पाहायला शिकव, आणि म्हातारपणी आमच्याही तोंडावर कडवटपणा नको, हसू असू दे. तुझ्या नावाने मागतो. आमेन.